दोन हजार आले नाहीत? तालुक्याला जायच्या आधी एवढं बघा

पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता सुटला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला फोन सुरू होतात, "अरे समद्यांचे पडले, आमचेच का नाही पडले?" मी काही कृषी खात्यात नाही बरं का, गावातच राहतो, घरच्या तीन जणांचे हप्ते अडकले होते ते सोडवता सोडवता जे कळलं तेवढंच माझं शिक्षण. पण आता एवढ्या लोकांना तेच तेच सांगून झालंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

आधी लोक काय करतात ते सांगतो. सातबारा, आठ अ, आधारची झेरॉक्स, पासबुकची झेरॉक्स, दोन फोटो असा सगळा गठ्ठा पिशवीत घालायचा आणि एक दिवसाची मजुरी बुडवून तालुका गाठायचा. तिथं सांगतात बँकेत जा, बँकवाला म्हणतो आमच्याकडं काहीच प्रॉब्लेम नाही तुम्ही कृषीला जा, कृषीवाला म्हणतो जमिनीचं आहे तलाठ्याला भेटा. तिघंही खोटं बोलत नसतात, पण पैसा नेमका कुठं अडकलाय हे कुणीच बघितलेलं नसतं आणि ते बघायला दोन मिनिटं लागतात, मोबाईलवर, घरबसल्या.

पैशाचं गणित थोडक्यात. पीएम किसान म्हणजे केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते, एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च असे. योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली. त्याच्यावर आपल्या राज्याचे नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,०००, त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीच्या कार्यक्रमात सोडला होता. महत्त्वाचं काय तर नमोचा वेगळा फॉर्म नसतोच. पीएम किसानच्या यादीत तुम्ही चालू असाल तर नमोचे येतात, तिथं बंद पडला तर इथंही बंद. कुणी नमोचा फॉर्म भरायचे पैसे मागत असेल तर सरळ उठून यायचं. आणि म्हणूनच पीएम किसान अडकलं की नुकसान २,००० चं नसतं, डबल असतं.

आता बघायचं कसं. पीएम किसानच्या सरकारी वेबसाईटवर जायचं, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असलेलीच बघायची. त्यात 'नो युवर स्टेटस' असं बटण आहे. तिथं रजिस्ट्रेशन नंबर मागतो. तो कुणाच्याच लक्षात नसतो, तर त्याच पानावर वर 'नो युवर रजिस्ट्रेशन नंबर' आहे, तिथं मोबाईल नाहीतर आधार नंबर टाकला की ओटीपी येतो आणि नंबर मिळतो. मग तो नंबर टाकून पुन्हा ओटीपी, आणि पान उघडतं. वर नाव, वडिलांचं नाव, गाव वगैरे येतं ते सोडा, खाली या. ई-केवायसी म्हणजे आधारवरनं ओळख पटवणं, लँड सीडिंग म्हणजे जमिनीची जोडणी, आधार बँक अकाउंट सीडिंग म्हणजे बँकेची जोडणी आणि एलिजिबिलिटी म्हणजे पात्रता, ह्याच्यासमोर येस आहे का नो तेवढं बघायचं. जिथं नो आहे तिथंच तुमचे पैसे आहेत. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, काउंटरवर तोंडी सांगण्यापेक्षा ते दाखवलं की माणूस दुसऱ्या टेबलाकडं बोट दाखवायच्या आधी थांबतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते बँकेत आणि गंमत म्हणजे तेच सगळ्यात जास्त छातीठोकपणे सांगतात की आमचं बँकेचं सगळं ओके आहे. इथं जरा नीट समजून घ्या. तुम्ही फॉर्मवर जो खाते नंबर दिला होता त्या खात्यावर पैसे येतच नाहीत. पैसे येतात आधार नंबरवर. एनपीसीआय म्हणून जी संस्था आहे तिच्याकडं एक यादी असते, ह्या आधारला ही बँक, आणि सरकारनं पैसे सोडले की त्या यादीत जी बँक असेल तिकडं ते जातात. बँकेनं तुमच्या आधारची झेरॉक्स घेऊन खात्याला नंबर जोडला म्हणजे त्या यादीत नाव गेलं असं होत नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटरवरचा माणूस "लिंक आहे की" म्हणतो तो पहिल्याबद्दल बोलत असतो आणि आपण दुसऱ्याबद्दल विचारत असतो.

आमच्या चुलत्याचं असंच झालं. सलग तीन हप्ते नाहीत. वेबसाईटवर बघितलं तर सगळं येस, पैसे जमा झाले असंही दाखवतंय, बँकही दुसरीच लिहिलेली. चुलता म्हणला ह्या बँकेत तर माझं खातंच नाही. मग डोकं खाजवता खाजवता त्याला आठवलं की दीड वर्षापूर्वी बाजारात एका टेबलावर सिमकार्ड घेतलं होतं, पोरानं अंगठा दोन-तीनदा लावायला लावला होता. त्या अंगठ्यात सिमबरोबर एक खातंही उघडलं होतं आणि यादीत आधारसमोर त्या नव्या खात्याचं नाव चढलं होतं. सहा हजार तिथं निवांत पडून होते, चुलत्याला पत्ताच नाही. यादीत एका आधारसमोर एकच बँक राहते, शेवटची जी चढली ती. पैसे काढून आणले आम्ही नंतर, पण हेलपाटे बघा.

तर तुमचा आधार आत्ता कुठल्या बँकेला आहे ते बघायला माय आधारच्या वेबसाईटवर लॉगिन करायचं, तिथं 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून आहे, बँकेचं नाव दाखवतं आणि ॲक्टिव्ह का इनॲक्टिव्ह तेही दाखवतं. आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे मात्र. बँक चुकीची निघाली किंवा इनॲक्टिव्ह आली तर ज्या बँकेत पैसे पाहिजेत तिथं जाऊन म्हणायचं, "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करायचंय". डीबीटी म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यावर येणं आणि मॅपिंग म्हणजे त्या यादीत बँकेचं नाव चढवणं. आधार लिंक करा असं म्हणू नका, ह्याच शब्दात म्हणा. एक संमतीचा फॉर्म असतो, त्यात नवीन सीडिंग का दुसऱ्या बँकेतून इकडं आणायचं असे पर्याय असतात, दुसऱ्या बँकेतून आणत असाल तर जुन्या बँकेचं नाव लिहावं लागतं, ते मोकळं सोडलं की फॉर्म तसाच पडून राहतो. सहीची पोच घ्या. चार-पाच दिवसांनी परत माय आधारवर बघा. बँकेत अजिबातच दाद लागत नसेल तर पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढा, पोस्टमन मशीन घेऊन घरी पण येतो आणि हे मॅपिंग तिथं सरळ होतं. आमच्या गावात आता निम्म्या म्हाताऱ्यांचे हप्ते पोस्टातच येतात, बँकेची रांग सुटली ती वेगळीच.

ई-केवायसीचं तसं सोपं आहे. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर वेबसाईटवरच ओटीपीनं होतं. मोबाईल जोडलेला नसेल तर सीएससीवर, म्हणजे सरकारी कामं ऑनलाईन करून देणाऱ्या सेवा केंद्रावर, जाऊन अंगठा. पण अंगठ्याची खरी अडचण बायकांची. आमच्या आईचं बघा, डिसेंबरात गेलो तेव्हा कापूस वेचणी चालू, बोंडाच्या काट्यांनी बोटं सगळी ओरबाडलेली, भेगा पडलेल्या. दहाच्या दहा बोटं लावून झाली, पोरानं मशीन पुसलं, तिची बोटं पुसली, खोबरेल लावून बघितलं, तरी मशीनचा दिवा लालच राहिला. मग घरी येऊन चेहऱ्यावरून केलं. पीएम किसानचं ॲप प्लेस्टोअरवरनं घ्यायचं, सोबत आधार फेस आरडी हेही ॲप लागतं, आणि कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावायचे. घरात अंधार होता म्हणून दोनदा फेल गेलं, अंगणात लिंबाखाली बसवलं आणि पदर जरा मागं घ्यायला लावला तर एका झटक्यात. पदर मागं घ्यायला तिला जरा लाज वाटली, फोटो कुठं जाणार म्हणाली. तुमचं स्वतःचं झालं की त्याच ॲपवरनं आजूबाजूच्या लोकांचंही करता येतं, शंभर जणांपर्यंत, त्यामुळं गल्लीत एका पोराला जमलं की सगळ्यांचं होतंय.

लँड सीडिंग नो असेल तर मात्र मोबाईलवर काही होत नाही, हे काम ऑफिसचं. तुमची जमीन योजनेच्या रेकॉर्डला जोडलेली नाही असा त्याचा अर्थ. सातबारा, आठ अ आणि आधार घेऊन तलाठ्याकडं, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, आणि तालुका कृषी कार्यालयात अर्ज. जायच्या आधी घरी बसून एक काम करा, सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी शेजारी ठेवून अक्षर अक्षर वाचा. सातबाऱ्यावर कोंडीबा आणि आधारवर कोंडिराम, किंवा बाईच्या नावापुढं एकीकडं बापाचं नाव आणि एकीकडं नवऱ्याचं, ही नेहमीची भानगड. संगणकीकरणाच्या वेळी लिहिताना झालेली चूक असेल तर तहसीलदाराकडं महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो, जुना हाती लिहिलेला सातबारा जोडायचा. आणि बाप वारून चार वर्षं झाली तरी वारस नोंद न केलेली घरं आमच्याकडं ढीगभर आहेत, भाऊ-भाऊ वाटणीवरनं भांडतात आणि फेरफार तसाच राहतो. अशा घरात पैसे कुणाच्याच नावावर येत नाहीत. वारस नोंदीचा अर्ज आता ई-हक्क ह्या सरकारी वेबसाईटवर ऑनलाईन करता येतो, निदान तेवढं तरी करा, वाटणीचं भांडण नंतर सावकाश करा. मयताच्या नावावर हप्ता येत राहिला म्हणून खूश होऊन काढत बसू नका, नंतर वसुलीची नोटीस येते.

तारखेचं पण एक आहे. जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी नावावर असली पाहिजे, नंतर खरेदी केली किंवा बक्षीसपत्रानं आली तर बसत नाही, फक्त वारसानं आली असेल तर चालतं. लोक अजून पोराच्या नावावर अर्धा एकर करून फॉर्म भरायला बघतात, वाया जातं सगळं.

एलिजिबिलिटी नो आली तर आधी स्वतःला खरं खरं विचारा. नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची लेकरं, आणि ह्या सगळ्यांत मिळून एकच लाभ. दोघांच्याही नावावर जमीन म्हणून दोघांनी घेतले असे लय जण आहेत, त्यांचे हप्ते तपासणीसाठी थांबवलेत. मोठा पोरगा, ज्याच्या स्वतःच्या नावावर त्या तारखेआधीपासून जमीन आहे, तो वेगळं कुटुंब, त्याला मिळतात. सरकारी नोकरीवाले बसत नाहीत, शिपाई वगैरे चतुर्थ श्रेणीवाले बसतात. महिन्याला १०,००० किंवा त्याच्यावर पेन्शन असेल तर नाही, त्यातही चतुर्थ श्रेणीवाल्यांना सूट आहे. प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, वकील, सीए, इंजिनिअर नाहीत. आणि मागच्या वर्षी इन्कम टॅक्स भरलेला असेल तर नाही. इथं एक लक्षात घ्या, ट्रॅक्टरच्या कर्जासाठी कुणीतरी शून्य टॅक्सचं रिटर्न फाईल करून दिलं असेल तर ते टॅक्स भरणं नव्हे, नियमात टॅक्स भरलेला असं आहे. त्या कारणानं बाद केलं असेल तर रिटर्नची कॉपी लावून तालुका कृषी कार्यालयात लेखी द्या. तोंडी नका देऊ, लेखी.

त्याच वेबसाईटवर लाभ स्वतःहून सोडायचंही बटण आहे बरं का. आमच्या इथं एका पोरानं आजोबाचं स्टेटस बघता बघता ते दाबलं, ओटीपी पण टाकला, आजोबाचा हप्ता बंद. इंग्रजी वाचता येत नसेल तर दिसेल तिथं अंगठा मारू नका.

सगळं येस आहे आणि तरी पैसे नाहीत, असंही होतं. मग खाली हप्त्यांच्या माहितीत एफटीओ शब्द शोधा. एफटीओ प्रोसेस्ड येस असेल तर सरकारनं पैसे पाठवायची ऑर्डर काढलीय, दोन-चार दिवस थांबा. आरएफटी साइन्ड बाय स्टेट असेल तर राज्यानं सही केलीय, पुढचं केंद्राकडं, थांबा. वेटिंग फॉर अप्रुव्हल असेल तर कागद तालुका, जिल्हा नाहीतर राज्य ह्यातल्या एका टेबलावर झोपलाय, त्याला उठवायला जावं लागतं. दुरुस्ती झाल्यावर मागचे राहिलेले हप्ते मिळतात का हा प्रश्न सगळे विचारतात, आमच्या घरात दोघांचे मागचे एकदम आले, एकाचे नाही आले, त्याचा अर्ज अजून फिरतोय.

आता फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा जमिनीशी जोडलेला ओळख क्रमांक. १५ एप्रिल २०२५ पासून आपल्या राज्यात कृषी योजनांना हा लागतोच, त्यामुळं काढला नसेल तर आजच काढा, सीएससीवर निघतो. काढताना तुमचे सगळे गट त्यात आलेत का ते तिथंच बघा. सामाईक खात्यातला गट राहून जातो, आणि दुसऱ्या शिवारात जमीन असेल तर ती हमखास राहते. नंतर नुकसानीचे पैसे यायची वेळ आली की कळतं, तीन एकराचं नुकसान आणि यादीत दीडच एकर.

नुकसानीवरनं आठवलं, अतिवृष्टीचं अनुदान हे पूर्ण वेगळं प्रकरण, त्याचा पीएम किसानशी संबंध नाही, पण लोक दोन्ही एकत्र करून गोंधळ घालतात. तिथं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त पाहिजे, पंचनामा होतो, यादी तहसीलमधून ऑनलाईन चढते आणि प्रत्येकाला एक व्हीके नंबर पडतो, विशिष्ट क्रमांक. तो नंबर तलाठ्याकडच्या यादीत मिळतो, तो घेऊन सेतूवर किंवा सीएससीवर आधार केवायसी केली की पैसे सुटतात, आणि येतात तेही आधारवरच, म्हणजे वरचं बँकेचं रामायण इथंही लागू. दर ठरलेले असतात, २०२५ ला कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००. केंद्राच्या नियमात मर्यादा दोन हेक्टर, २०२५ च्या अतिवृष्टीत राज्यानं ती तीन हेक्टर केली. तुमची जमीन विहिरीवर असून कोरडवाहू लावली असेल तर पैसे निम्मे होतात, यादी लागली की नावाबरोबर हा रकाना पण वाचा. आणि हे पैसे खात्यावर आले की बँकेनं पीककर्जात वळते करून घ्यायचे नाहीत, शासन निर्णयात तसं लिहिलेलं असतं, त्याची प्रिंट खिशात असू द्या.

पिकाचं अनुदान असेल तर ई-पीक पाहणी लागते, म्हणजे शेतात कुठलं पीक आहे ते मोबाईलवर नोंदवणं. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५,००० दिले, दोन हेक्टरपर्यंत, वीस गुंठ्यांच्या आतल्याला सरसकट १,०००. वाटप ३० सप्टेंबर २०२४ ला सुरू झालं, म्हणजे पीक एका वर्षीचं आणि पैसे दुसऱ्या वर्षी. ज्यांनी त्या खरिपात पाहणी केली नव्हती ते वर्षभरानं कपाळावर हात मारत बसले, कारण तेव्हा शेतात सोयाबीन होतं हे सिद्ध कशानं करणार. सामाईक खात्यात बाकीच्या भावांची ना-हरकत पण लागत होती, एकानं सही अडवली की सगळ्यांचं अडलं. तर पाहणी स्वतः करा, शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून, दुसऱ्याला शंभर रुपये देऊन करू नका, तो बांधावरनं शेजाऱ्याचा ऊस पण तुमच्या गटात टाकतो.

गावात कुणाकुणाला मिळतात ते बघायचं असेल तर त्याच वेबसाईटवर 'बेनिफिशरी लिस्ट' आहे, राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की पूर्ण यादी. भांडणासाठी नका उघडू, पण आपलं नाव यादीत आहे का ते कळतं.

व्हॉट्सॲपवर "पीएम किसान यादी" म्हणून एपीके फाईल, म्हणजे फोनात ॲप बसवणारी फाईल, फिरते ती उघडायची नाही म्हणजे नाही. गावातल्याच ग्रुपवर गावातल्याच माणसाच्या नंबरवरनं आलेली असते, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. सरकार फाईल पाठवत नाही. ओटीपी फोनवर विचारणारा कुठल्याच ऑफिसचा नसतो.

तक्रारीसाठी हेल्पलाईन १५५२६१, लागत नाही लवकर, दुपारी जेवणाच्या वेळी ट्राय करा, आम्हाला तेव्हाच लागली. वेबसाईटवर हेल्पडेस्क आहे तिथं तक्रार टाकली की नंबर मिळतो, आणि तोच नंबर तालुका कृषी कार्यालयात दिलेल्या अर्जावर लिहायचा. महिनाभरात हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, आणि त्यात "माझा हप्ता का नाही" असं रडगाणं लिहू नका, विचारायचं एवढंच, माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर कुणी काय शेरा मारला त्याची प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा उत्तराच्या आधी काम होतं.

आणि ते रजिस्ट्रेशन नंबर, फार्मर आयडी, व्हीके नंबर, सगळं एका जागी लिहून ठेवा. चुलत्यानं वही दोनदा हरवली म्हणून आता गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूनं खडूनं लिहिलंय. परवा म्हशीनं पाठ घासली तर शेवटचे दोन आकडे गेले, परत ओटीपी.